वाळूखालचे घर

(या पाठात एका लहानशा प्राण्याच्या घराची माहिती दिली आहे. हे घर काच, वाळू, पाणी आणि ऊब यांचे बनते. ते कसे बनवतात, त्यातली प्रत्येक गोष्ट तशीच का असावी लागते आणि ते बनवणाऱ्याला कोणता गुण अंगी बाणवावा लागतो, हे या पाठात वाचा.)

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जा. खडकांच्या खळग्यांत समुद्राचे पाणी साचलेले असते. त्या पाण्याच्या तळाशी लहान लहान शंख पडलेले दिसतात. थोडा वेळ न हलता पाहत राहा. त्यांतला एक शंख हळूच चालू लागतो! शंखाला पाय कसे फुटले?

नीट पाहिले म्हणजे कोडे उलगडते. ज्या गोगलगाईने तो शंख तयार केला, ती केव्हाच मेली आहे. तिच्या रिकाम्या घरात आता एक खेकडा राहायला आला आहे. त्याला शंखवासी खेकडा म्हणतात. इंग्रजीत त्याचे नाव 'हर्मिट क्रॅब' असे आहे. हर्मिट म्हणजे एकांतात राहणारा. उर्दूत आपण अशा माणसाला गोशानशीन म्हणतो.

या खेकड्याला दुसऱ्याचे घर का लागते? इतर खेकड्यांचे सगळे अंग कठीण कवचाने झाकलेले असते. याचे पुढचे अंग तेवढे कठीण असते. मागचे पोट मऊ आणि वळलेले असते. ते उघडे राहिले तर सुकून जाईल, किंवा पक्षी ते टोचून खातील. म्हणून तो आपले पोट शंखाच्या वळणात घालून ठेवतो. त्याला दहा पाय असतात. त्यांपैकी पुढच्या दोन पायांच्या नांग्या झालेल्या असतात. पुढच्या चार पायांनी तो चालतो. उरलेले चार पाय लहान असतात व ते शंखाच्या आतच राहतात. त्यांनी तो शंख आतून पकडून ठेवतो. संकट आले की तो पूर्ण आत शिरतो आणि मोठी नांगी दाराच्या फळीसारखी तोंडाशी लावून घेतो. शरीर वाढले की शंख अपुरा पडतो. मग तो मोठ्या शंखाच्या शोधात निघतो.

पाण्यातले आणि जमिनीवरचे

शंखवासी खेकड्यांच्या अनेक जाती आहेत. कोकणच्या खडकांत दिसणारे हे खेकडे समुद्राच्या पाण्यात राहतात. परंतु काही जाती मोठ्या झाल्यावर जमिनीवर राहतात. आपल्या देशात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप बेटांवर जमिनीवरचे शंखवासी खेकडे आढळतात. दक्षिण फ्लोरिडात आणि कॅरिबियन समुद्रातील बेटांवर त्यांची आणखी एक जात आहे. तिची मोठी नांगी जांभळ्या रंगाची असते. हीच जात अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. आपला पाठ या जांभळ्या नांगीच्या खेकड्याविषयी आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सी, मेरीलँड अशी राज्ये आहेत. उन्हाळ्यात तेथील समुद्रकाठची गावे माणसांनी फुलून जातात. किनाऱ्यावरच्या दुकानांत हे खेकडे विकायला ठेवलेले असतात. तारेचा एक लहान पिंजरा, त्यात मूठभर रंगीत खडे, पाण्याने भिजवलेला एक स्पंज आणि चित्रे रंगवलेल्या शंखातला एक खेकडा. मुले हौसेने तो विकत घेतात. "याला फारसे काही लागत नाही," असे विकणारा सांगतो. मुले खेकडा घेऊन आपल्या गावी परत जातात. काही दिवस तो खोलीभर फिरतो. मग त्याचे फिरणे कमी होते. हिवाळा येतो. तो एका कोपऱ्यात बसून राहतो आणि एक दिवस शंखाबाहेर गळून पडतो.

घरातल्यांना वाटते, एवढासा जीव, त्याचे आयुष्य ते किती असणार? खरे म्हणजे मोकळ्या निसर्गात हा खेकडा वीस-तीस वर्षे जगू शकतो. मग तो काही महिन्यांत का मेला? त्याला कोणी मारले नाही. त्याला खायलाही मिळत होते. तो मेला, कारण त्याला श्वास घेता येत नव्हता.

ओल्या हवेचा श्वास

मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. जमिनीवरच्या शंखवासी खेकड्यालाही कल्लेच असतात. ते हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, पण ओले असतील तोपर्यंतच. म्हणून तो आपल्या शंखात थोडे पाणी साठवून ठेवतो आणि दमट हवेत राहतो. हवा कोरडी झाली की कल्ले सुकू लागतात. सुकलेल्या कल्ल्यांना प्राणवायू घेता येत नाही. खेकडा हळूहळू गुदमरतो आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तारेच्या पिंजऱ्यात ओलावा टिकत नाही. हिवाळ्यात अमेरिकेतील घरे यंत्रांनी गरम करतात, त्यामुळे आतली हवा फारच कोरडी होते. अशा घरात तारेचा पिंजरा म्हणजे या खेकड्याचा मृत्यूच.

म्हणून जाणकार लोक त्याला झाकण असलेल्या काचेच्या पेटीत ठेवतात. त्या पेटीत उष्ण प्रदेशातला एक लहानसा किनारा तयार करावा लागतो. तो कसा तयार करतात, ते आता पाहू.

वाळूचा थर

आपण वरवर पाहणारे लोक आहोत. काचपेटी म्हटली की तिच्यातले शंख, झाडाच्या फांद्या, पाण्याची भांडी यांकडे आपले लक्ष जाते. खेकड्याचे खरे घर मात्र त्याखाली असते. ते घर म्हणजे वाळू.

वाळू कोणती घ्यावी? मुलांना खेळण्यासाठी जी स्वच्छ, बारीक वाळू मिळते, ती चांगली. तिचे पाच भाग घ्यावेत व त्यात नारळाच्या सोडणाच्या भुशाचा एक भाग मिसळावा. रोपवाटिकेत या भुशाला कोकोपीट म्हणतात. कोकणात आणि केरळात नारळाच्या काथ्याचे दोर वळतात. काथ्या काढताना जो भुसा उरतो, तोच हा. भारतातून आणि श्रीलंकेतून तो परदेशी जातो. वाळूमुळे बोगद्याला भक्कमपणा येतो, तर भुसा पाणी धरून ठेवतो. मात्र भुसा खत किंवा रसायन न मिसळलेला असावा. रंगीत खडे उपयोगाचे नाहीत, कारण खड्यांत बोगदा टिकत नाही. चुन्याची बारीक पांढरी वाळूही घेऊ नये. ओली होऊन सुकली की तिचे घट्ट ढेकूळ बनते.

थर किती जाड असावा? निदान १५ सेंटिमीटर. खेकडे मोठे असतील तर सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट. आता एक हिशेब करून पाहू. समजा, पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. तिच्यात २० सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा आहे. ६० × ३० × २० = ३६,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ३६ लीटर. त्याचे सहा भाग केले तर वाळू ३० लीटर आणि भुसा ६ लीटर लागेल. भुसा वाळूच्या कणांमध्ये बसतो, म्हणून दोन्ही थोडे जास्तच घ्यावे लागतात. ३० लीटर वाळूचे वजन सुमारे ५० किलो भरते. त्यामुळे पेटी आधी भक्कम टेबलावर ठेवावी आणि मगच भरावी. भरलेली पेटी उचलू नये. काच तडकण्याची भीती असते.

मुठीची परीक्षा

वाळू किती ओली असावी, हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही. आपली मूठ पुरे. तुम्ही किनाऱ्यावर वाळूचे किल्ले केले असतील. कोरड्या वाळूचा किल्ला ढासळतो. फार ओल्या वाळूचा किल्ला वाहून जातो. किल्ला उभा राहील इतकी ओल खेकड्याला हवी असते. मूठभर मिश्रण घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटांमधून पाणी गळले नाही, तर परीक्षा उत्तीर्ण झाली असे समजा.

ही ओल कमी असेल तर खेकड्याने खणलेला बोगदा त्याच्याच अंगावर कोसळतो. ती जास्त असेल तर पाणी झिरपून तळाशी साठते. तेथे जंतू वाढतात, वाळूला कुजका वास येऊ लागतो आणि तळाशी असलेला खेकडा बुडूनही मरतो. पेटीतला ओलावा वाढवण्यासाठी काही लोक रोज वाळूवर पाणी शिंपडतात. हे थेंब थेंब पाणी खाली जमत राहते. वाळू एकदाच नीट भिजवावी आणि झाकण घट्ट ठेवावे, हेच उत्तम.

ऊब कोठून द्यावी?

उष्ण प्रदेशातल्या या प्राण्याला २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवते. आपल्या कोकणात वर्षातले बहुतेक दिवस हवा एवढी उबदार असते. न्यू जर्सीत मात्र हिवाळ्यात बर्फ पडते. तेथे पेटीला वेगळी ऊब द्यावी लागते. त्यासाठी विजेवर तापणारी एक चपटी पट्टी मिळते. ही पट्टी कोठे लावावी?

"खाली! चूल भांड्याच्या खालीच असते ना?" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. बाजारातही पेटीखाली ठेवण्याच्या पट्ट्या मिळतात. पण जरा खेकड्याच्या बाजूने विचार करा.

दुपारी किनाऱ्यावर कडक ऊन पडते. वरची वाळू भाजून निघते. खेकडा काय करतो? तो खणत खाली जातो. वीतभर खाली वाळू गार आणि ओली असते. त्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षे हेच केले आहे. त्याच्या अंगात एकच शिकवण भिनलेली आहे: फार तापले तर खाली जा, कोरडे वाटले तर खाली जा. आता पेटीच्या तळाखाली गरम पट्टी असेल तर काय होईल? खेकड्याला उकडेल. तो खाली जाईल. तेथे जास्त उकडेल. तो आणखी खाली जाईल. तळाची वाळू तापून कोरडी झालेली असेल. ज्या दिशेला त्याचा आसरा, त्याच दिशेला आपण आग लावून ठेवली, असे होईल.

म्हणून पट्टी पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून लावतात, आणि तीही वाळूच्या पातळीच्या वर. अशाने वरची हवा उबदार होते, खाली गारवा राहतो आणि खेकड्याला आपली जागा निवडता येते. पट्टी एका बाजूला सरकवून लावली तर पेटीची एक बाजू अधिक उबदार आणि दुसरी कमी उबदार राहते. तेही त्याच्या सोयीचेच असते. पट्टीला थर्मोस्टॅट जोडावा. ठरलेले तापमान झाले की तो वीज बंद करतो आणि हवा गार झाली की पुन्हा चालू करतो. आत एक तापमापकही ठेवावा, कारण हाताच्या अंदाजावर विसंबणे बरे नव्हे. विजेच्या वस्तूंवर दिलेल्या सूचना वाचाव्यात आणि त्या घरातल्या मोठ्या माणसांनीच जोडाव्यात. काही जण पेटीवर तापणारा दिवा लावतात. त्याने हवा तापते, पण ती लवकर कोरडीही होते.

ऊब आणि ओल यांची जोडी

येथे विज्ञानातली एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हवेत पाण्याची वाफ मावते. गार हवेत ती कमी मावते, उबदार हवेत जास्त मावते. हवेत जितकी वाफ मावू शकते त्याच्या शेकडा किती वाफ प्रत्यक्षात आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. समजा, २० अंश तापमानाच्या हवेची आर्द्रता ८० टक्के आहे. पाण्याचा एकही थेंब न वाढवता तीच हवा २७ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता सुमारे ५२ टक्के होते. वाफ तेवढीच राहिली, पण हवेची भूक वाढली. ती भूक ती कोठे भागवणार? वाळूतून, पाण्याच्या भांड्यातून आणि खेकड्याच्या कल्ल्यांतून.

या खेकड्याला सुमारे ८० टक्के आर्द्रता हवी असते. पावसाळ्यात मुंबईची हवा एवढी दमट असते की कपडे वाळत नाहीत आणि मिठाला पाणी सुटते. आपल्याला नकोशी वाटणारी ती हवा त्याला जीवन देते. म्हणजे पेटीला ऊब दिली की ओलही राखावी लागते. त्यासाठी काचेचे झाकण घट्ट बसवतात आणि आत आर्द्रतामापक ठेवतात.

आर्द्रतामापक बरोबर आहे की नाही, हे मिठाने तपासता येते. एका लहान झाकणात साधे मीठ घ्यावे. ते जेमतेम भिजेल एवढे पाणी घालावे. विरघळू देऊ नये. ते झाकण आणि आर्द्रतामापक एका पारदर्शक पिशवीत ठेवून पिशवीचे तोंड पक्के बंद करावे. काही तासांनी पिशवीतल्या हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्के होते. मापकावर तोच आकडा दिसला तर तो खरा. कमीजास्त दिसला तर तेवढा फरक नेहमी लक्षात ठेवावा.

दोन भांडी आणि रिकामे शंख

पेटीत पाण्याची दोन भांडी असावीत, एकात गोडे पाणी आणि दुसऱ्यात खारे. खेकड्याला दोन्ही लागतात. भांडी शंखासह आत उतरता येईल इतकी खोल असावीत आणि बाहेर चढून येण्यासाठी त्यांत दगड ठेवावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते घालवणारे औषध टाकूनच पाणी वापरावे. खाऱ्या पाण्यासाठी जेवणातले मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर इतर अनेक क्षार असतात. ते सर्व असलेले, समुद्रातील मासे पाळण्यासाठी मिळणारे मीठ घ्यावे. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात.

वाळूवर निरनिराळ्या आकारांचे रिकामे शंख ठेवावेत. ते रंगवलेले नसावेत. रंगाचे पोपडे सुटतात आणि ते खेकड्याच्या पोटात जातात. घर बदलण्याची या प्राण्यांची रीत मोठी मजेदार आहे. बेलीझ देशाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी ती पाहिली आहे. एखादा मोठा रिकामा शंख सापडला की खेकडे त्याच्याजवळ जमतात. मोठ्यापासून लहानापर्यंत ते ओळीने उभे राहतात. पहिला खेकडा नव्या शंखात शिरला की त्याच्या जुन्या शंखात दुसरा जातो, दुसऱ्याच्या शंखात तिसरा. एका रिकाम्या शंखामुळे अनेकांना घरे मिळतात. किनाऱ्यावरून पिशव्या भरभरून शंख नेताना आपण हे आठवले पाहिजे.

वाट पाहण्याची परीक्षा

पेटी तयार झाली. खेकडे आत आले. काही दिवसांनी त्यांतला एक दिसेनासा होतो. आज दिसत नाही, उद्याही दिसत नाही. दोन आठवडे जातात, महिना जातो. वरचे अन्न तो खात नाही. तो मेला तर नसेल? वाळू उकरून पाहावी काय?

हीच या कामातली खरी परीक्षा आहे. सापाप्रमाणे खेकडाही कात टाकतो. त्याचे कवच कपड्यासारखे ताणत नाही. वाढायचे असेल तर जुने कवच सोडावेच लागते. त्यासाठी तो ओल्या वाळूत खोल जातो आणि स्वतःपुरती एक खोली करतो. तेथे अंधारात तो जुन्या कवचातून बाहेर येतो. त्या वेळी त्याचे सारे अंग मऊ असते. त्याला धड उभेही राहता येत नाही. मग तो आपले टाकलेले कवच खातो आणि त्यातल्या चुन्याने नवे कवच कठीण करतो. पूर्वी तुटलेला पायही त्याला याच काळात नव्याने फुटतो. लहान खेकड्याला यासाठी काही आठवडे लागतात, मोठ्याला दोन महिने किंवा त्याहूनही अधिक.

अशा वेळी काळजीपोटी कोणी वाळू उकरली, तर त्या खोलीचे छत कोसळते. मऊ अंगाला साधा धक्काही सोसत नाही. वर आणलेल्या मऊ खेकड्यावर त्याचेच सोबती तुटून पडतात. जो मेला आहे की काय अशी शंका होती, तो खरोखरच मरतो. त्याला शत्रूने मारलेले नसते, माया करणाऱ्याच्या अधीर हातांनी मारलेले असते.

मग पाळणाऱ्याने काय करावे? पेटीतली ऊब पाहावी. ओल पाहावी. पाणी बदलावे. शिळे अन्न काढून टाकावे. आणि वाट पाहावी. खेकडा मेला असेल तर सडलेल्या मासळीसारखा उग्र वास येतोच. तसा वास नसेल तर वाळूला हात लावू नये. एके दिवशी सकाळी वाळूत एक खड्डा दिसतो. त्याच्या काठावर आपला खेकडा बसलेला असतो. त्याचे अंग नवे, रंग ताजा आणि नांगी आधीपेक्षा थोडी मोठी.

विचार करण्यासारखी गोष्ट

एक गोष्ट सांगायची राहिली. या खेकड्यांची मादी आपली अंडी समुद्रात सोडते. पिल्ले काही आठवडे समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात आणि मगच शंख शोधून जमिनीवर येतात. काचेच्या पेटीत हे सारे घडवून आणणे फार कठीण आहे. म्हणून दुकानात दिसणारे जवळजवळ सगळे खेकडे कोणत्या ना कोणत्या किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. ज्याला पाळायचे, त्याचा किनारा आपण हिरावून घेतलेला असतो. तो किनारा परत देता येत नाही. निदान त्याच्यासारखा दुसरा उभारून देणे, हे पाळणाऱ्याचे देणे आहे.

आपल्या कोकणातल्या खळग्यांतले खेकडे तर समुद्राच्या पाण्याबाहेर जगतच नाहीत. त्यांना बरणीत घालून घरी आणू नये. भरती येण्यापूर्वी दहा मिनिटे खडकावर शांत बसावे. ते आपणहून शंखातून बाहेर येतात. त्यांना पाहण्यासाठी पेटी लागत नाही, वाळू लागत नाही, वीजही लागत नाही. लागतो तो फक्त धीर.

शब्दार्थ

ओहोटी – समुद्राचे पाणी मागे हटणे
भरती – समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे चढणे
नांगी – खेकड्याचा पकडीसारखा पुढचा पाय
कल्ले – पाण्यातील प्राण्यांचे श्वास घेण्याचे अवयव, गलफडे
सोडण – नारळावरचे तंतूंचे आवरण
काथ्या – सोडणापासून काढलेले तंतू
ढेकूळ – घट्ट झालेला गोळा
आर्द्रता – हवेतील ओलावा, नमी
अधीर – उतावळा, बेसब्र
धीर – वाट पाहण्याची शक्ती, सब्र

वाक्प्रचार

कोडे उलगडणे – न कळणारी गोष्ट कळणे
पत्ता न लागणे – काहीही न समजणे
हिरावून घेणे – जबरदस्तीने काढून घेणे
तुटून पडणे – जोराने हल्ला करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शंखवासी खेकडा आपले पोट शंखात का ठेवतो?
(आ) आपल्या देशात जमिनीवरचे शंखवासी खेकडे कोठे आढळतात?
(इ) वाळू आणि नारळाचा भुसा यांचे प्रमाण किती असावे?
(ई) मिठाच्या परीक्षेत पिशवीतली आर्द्रता सुमारे किती टक्के होते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तारेच्या पिंजऱ्यात खेकडा का मरतो?
(आ) तापणारी पट्टी पेटीच्या तळाखाली का लावू नये?
(इ) कात टाकत असलेल्या खेकड्याला वाळू उकरून वर का काढू नये?
(ई) एका रिकाम्या शंखामुळे अनेक खेकड्यांना घरे कशी मिळतात?

प्र. ३. रिकाम्या जागी योग्य शब्द भरा.
(अ) या खेकड्याला २४ ते ...... अंश सेल्सिअस तापमान मानवते.
(आ) वाळूची ओल तपासायला आपली ...... पुरे.
(इ) समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ...... ग्रॅम क्षार असतात.

प्र. ४. हिशेब करा.
एक पेटी ५० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यात १८ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा आहे. मिश्रण किती लीटर लागेल? त्यात वाळू किती व भुसा किती?

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधून लिहा.
भरती, कोरडा, गार, जुना, गोडे

प्र. ६. भाषेचा अभ्यास.
उर्दूत शब्दांची लिंगे दोन आहेत, मराठीत तीन. 'खेकडा' पुल्लिंगी, 'वाळू' स्त्रीलिंगी आणि 'पाणी' नपुंसकलिंगी आहे. म्हणून खेकडा आला, वाळू भिजली, पाणी झिरपले असे आपण म्हणतो. पुढील शब्द कंसातील क्रियापदाचे योग्य रूप घालून वाक्यात लिहा.
शंख (सापडणे), पेटी (भरणे), घर (मिळणे), नांगी (तुटणे), मीठ (विरघळणे), बोगदा (कोसळणे)

प्र. ७. वाक्यांत उपयोग करा.
कोडे उलगडणे, पत्ता न लागणे, वाट पाहणे

उपक्रम

तीन भांड्यांत वाळू घ्या. एकीत पाणी घालू नका, दुसरीत थोडे घाला, तिसरीत भरपूर घाला. तिन्हींत पेन्सिलीने आडवा बोगदा करून पाहा. कोणता बोगदा टिकतो? कारणासह चार वाक्ये लिहा व वर्गात वाचून दाखवा.